स्वेतोस्लाव रोरिक : तातगुणीच्या मळ्याचे रशियन मालक

मायदेशाला पारखा झालेला रशियन तेल उद्योजक म्हटला की वाचकांच्या डोळ्यांसमोर लंडनमध्ये आश्रय घेतलेले बोरिस बेरेझोव्हस्की किंवा दहा वर्षांच्या तुरुंगवासानंतर डिसेंबर २०१३ मध्ये देशाबाहेर पडलेले मिखाईल खोदोरकोव्हस्की येतात. बंगळुरूच्या परिसरातही रशियात जन्मलेले एक तेल उत्पादक चार दशकांहून अधिक काळ राहत होते. त्यांचे तेल मात्र भूगर्भातून निघत नसे. ते एका मेक्सिकन झाडाच्या फळांपासून वाफेवर काढले जाई आणि अत्तरे व साबण यांच्या उद्योगाला पुरविले जाई. या उत्पादकाचे नाव स्वेतोस्लाव निकोलायेविच रोरिक. जग त्यांना चित्रकार म्हणून ओळखते आणि भारतीय चित्रपटरसिक देविका राणी यांचे पती म्हणून. परंतु त्यांच्या निधनानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत जो वाद गेला, तो चित्रांपेक्षा या तेलाच्या झाडांखालच्या जमिनीचाच होता.

जन्म आणि देशत्याग

स्वेतोस्लाव यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०४ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील निकोलाय रोरिक हे त्या काळातील रशियाचे अग्रगण्य चित्रकार आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक होते. १९१३ साली पॅरिसमध्ये प्रचंड गदारोळ उडवून देणाऱ्या स्ट्राव्हिन्स्कीच्या नृत्यनाट्याचे नेपथ्य आणि वेशभूषा त्यांचीच होती. आई हेलेना या तत्त्वचिंतक व लेखिका. थोरले बंधू युरी, ज्यांना इंग्रजी जगात जॉर्ज म्हणत, पुढे तिबेटी भाषा व संस्कृतीचे ख्यातनाम पंडित झाले.

या कुटुंबाचा देशत्याग एखाद्या रात्री सीमा ओलांडून झालेला नव्हता. निकोलाय यांना फुप्फुसाचा विकार होता. हवापालटासाठी १९१६ च्या अखेरीस हे कुटुंब फिनलंडमधील सोर्तावाला या गावी जाऊन राहिले. तोवर फिनलंड रशियन साम्राज्याचाच भाग होता. १९१७ साली रशियात क्रांती झाली, डिसेंबरमध्ये फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढच्या वर्षी सीमा बंद झाली. प्रकृतीसाठी गावी गेलेले कुटुंब अशा रीतीने परदेशात अडकले. घर सीमेच्या एका बाजूला आणि माणसे दुसऱ्या बाजूला, हा अनुभव फाळणीनंतर आपल्याकडील लाखो कुटुंबांनी घेतला आहे; रोरिक कुटुंबाने तो तीस वर्षे आधी घेतला.

तेथून स्वीडन, १९१९ मध्ये लंडन आणि १९२० मध्ये अमेरिका असा प्रवास झाला. स्वेतोस्लाव यांनी कोलंबिया आणि हार्वर्ड येथे वास्तुकलेचे शिक्षण घेतले. न्यूयॉर्कमध्ये वडिलांनी स्थापन केलेल्या कलासंस्थांच्या कामातही ते लक्ष घालू लागले. चित्रांची प्रदर्शने, वाहतूक, विक्री हा कलेचा व्यवहारी भाग त्यांनी तरुणपणीच शिकून घेतला. १९२६ मध्ये फिलाडेल्फिया येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले होते.

न्यूयॉर्कमधील संग्रहालयाची पुढची हकिगत येथेच सांगितली पाहिजे, कारण तिचे पडसाद बंगळुरूत उमटलेले दिसतात. नदीकाठी उभारलेल्या उंच इमारतीत १९२९ पासून हे संग्रहालय होते. ज्या धनिकाच्या भरवशावर हा सारा डोलारा उभा होता, तो लुई हॉर्श १९३५ साली कुटुंबाच्या विरोधात गेला. खटले चालले आणि १९३८ पर्यंत इमारत व तेथील चित्रे यांवरील ताबा रोरिक कुटुंबाच्या हातून गेला. विश्वासाने सोपविलेली मालमत्ता दूर बसून सांभाळता येत नाही, हा धडा कुटुंबाला तेव्हा मिळाला होता. तो उपयोगी पडला असे मात्र पुढील इतिहास पाहता म्हणता येत नाही.

कुलू खोरे

१९२३ च्या डिसेंबरमध्ये रोरिक कुटुंब भारतात आले. वडील आणि थोरले बंधू मध्य आशियाच्या दीर्घ मोहिमेवर गेले. स्वेतोस्लाव न्यूयॉर्कचा भार वाहण्यासाठी परतले. मोहिमेनंतर कुटुंबाने कुलू खोऱ्यातील नग्गर येथे बस्तान बसविले आणि १९२८ मध्ये ‘उरुस्वती’ ही हिमालयीन संशोधन संस्था सुरू केली. १९३१ मध्ये स्वेतोस्लाव कायमचे भारतात आले.

संस्थेत त्यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे, विशेषतः औषधी वनस्पतींचे काम होते. हिमालयातील झाडपाला गोळा करणे, स्थानिक वैद्य आणि तिबेटी वैद्यक जाणणारे लामा यांच्याकडून त्याचे उपयोग समजून घेणे, त्यातील द्रव्ये वेगळी काढून पाहणे, असा हा अभ्यास होता. चित्रकाराच्या चरित्रात या भागाकडे सहसा दोन ओळींत पाहिले जाते. पुढे बंगळुरूत त्यांनी जो उद्योग चालविला त्याचे मूळ मात्र याच कामात आहे. वनस्पतीतून सुगंधी तेल काढणे त्यांच्यासाठी मळा विकत घेतल्यावर सुचलेली हौस नव्हती. अमेरिकेतील निधी आटल्यावर आणि दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ‘उरुस्वती’चे काम थांबले.

१९४२ मध्ये जवाहरलाल नेहरू आणि इंदिरा गांधी नग्गरला आले होते. तेव्हापासून जुळलेला स्नेह अखेरपर्यंत टिकला. स्वेतोस्लाव यांनी रंगविलेली नेहरू आणि इंदिरा गांधी यांची व्यक्तिचित्रे पुढे संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावण्यात आली.

मालाडहून बंगळुरूला

देविका राणी यांचा परिचय मराठी वाचकांना वेगळा करून देण्याची गरज नाही; पण तपशील सांगणे उचित ठरेल. ३० मार्च १९०८ रोजी वाल्टेअर येथे जन्मलेल्या देविका राणी या कर्नल मन्मथनाथ चौधुरी यांच्या कन्या आणि ठाकूर घराण्याच्या नात्यातील. हिमांशु राय यांच्यासह त्यांनी १९३४ मध्ये मुंबईच्या मालाड उपनगरात ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ने त्यांना घराघरात पोहोचविले. १९४० मध्ये राय यांचे निधन झाल्यावर कंपनीचा कारभार त्यांच्याकडे आला. युसूफ खान नावाच्या तरुणाला दिलीप कुमार हे नाव देऊन ‘ज्वार भाटा’ (१९४४) मधून पडद्यावर आणले, ते याच काळात.

कंपनीतील गटबाजीला कंटाळून १९४५ मध्ये त्यांनी आपला हिस्सा विकला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वेतोस्लाव यांच्याशी विवाह केला. देविका राणी तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या. लोकप्रियतेच्या शिखरावरून इतक्या शांतपणे उतरून गेलेले दुसरे उदाहरण हिंदी चित्रपटसृष्टीत शोधावे लागेल. दादासाहेब फाळके यांच्या नावे दिला जाणारा पुरस्कार सुरू झाला तेव्हा १९६९ सालचा पहिलाच सन्मान त्यांना मिळाला, तोवर त्यांना पडदा सोडून दोन तपे उलटली होती.

विवाहानंतर हे दांपत्य नग्गरला राहिले. १३ डिसेंबर १९४७ रोजी निकोलाय रोरिक यांचे तेथेच निधन झाले. फाळणीच्या धामधुमीत कुलू खोरेही अस्वस्थ होते. हेलेना आणि युरी यांनी मायदेशी परतण्याचे ठरविले आणि १९४८ मध्ये ते काही काळ आपल्या खंडाळ्याला येऊन राहिले. मुंबई बंदरातून जहाजाने जाता येईल, रशियाचा परवाना येईल, अशी आशा होती. परवाना आला नाही. मायलेक अखेर कालिम्पाँगला गेले आणि हेलेना यांनी १९५५ मध्ये तेथेच देह ठेवला. युरी यांना १९५७ मध्ये मॉस्कोला परतता आले. तीनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. स्वेतोस्लाव आणि देविका राणी यांनी मात्र दक्षिणेची वाट धरली.

लिनालोचा मळा

बंगळुरूहून कनकपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या मध्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर तातगुणी येथे त्यांनी मळा घेतला. क्षेत्र सुमारे ४७० एकर. मळ्यात तलाव, झाडी आणि चित्रकारासाठी स्वतंत्र चित्रशाळा. पण मळ्याचे खरे पीक होते लिनालो.

लिनालो हे मूळचे मेक्सिकोतील झाड. गुग्गुळ आणि सालई ज्या कुळातील आहेत त्याच कुळातील हे असल्याने त्याच्या अंगोपांगी सुवास असावा यात नवल नाही. मेक्सिकोत त्याच्या सुगंधी लाकडाच्या रंगीत पेट्या बनवितात आणि लाकडापासून तेल काढतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे झाड बंगळुरूच्या परिसरात आणले गेले. कमी पावसाची, निचऱ्याची येथील जमीन त्याला मानवली. लाकडासाठी झाड तोडावे लागते. बंगळुरूत त्याऐवजी फळांच्या सालीपासून तेल काढण्याची रीत रुजली. झाड उभे राहते आणि दरवर्षी उत्पन्न देते. फळे गोळा करायची, त्यांची साल बियांपासून सुटी करायची आणि बंद भांड्यात वाफ सोडून ऊर्ध्वपातन करायचे. वाफेबरोबर आलेले तेल थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते, ते वेगळे काढायचे. कोकणात किंवा खानदेशात रोशा गवताचे तेल निघताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही भट्टी अनोळखी वाटणार नाही.

या तेलातील मुख्य द्रव्ये लव्हेंडरच्या तेलातही असतात. त्यामुळे महाग लव्हेंडरला पर्याय म्हणून अत्तरे, साबण आणि सौंदर्यप्रसाधने तयार करणाऱ्यांकडून त्याला मागणी असे. मेक्सिकोबाहेर लिनालोची एवढी मोठी सलग लागवड क्वचितच कोठे असेल. देविका राणी यांनी या उद्योगात प्रत्यक्ष लक्ष घातले. चित्रपट कंपनीचा हिशोब सांभाळलेल्या बाईंना मळ्याचा हिशोब जड जाण्याचे कारण नव्हते.

हे पीक किती वेगळे मानले जात होते याची साक्ष कायद्याच्या पुस्तकात सापडते. १९७४ मध्ये कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात मोठे बदल होऊन धारणेवर कडक मर्यादा आली. आपल्याकडे ज्याला बोलीभाषेत ‘सीलिंग’ म्हणतात तोच हा प्रकार. त्या कायद्यातील सवलतींच्या यादीत, त्या वेळी लिनालोच्या लागवडीखाली असलेल्या जमिनी अशी स्वतंत्र नोंद करण्यात आली. इतक्या दुर्मिळ झाडाचा कायद्यात नावानिशी उल्लेख व्हावा, यामागे कोणता मळा डोळ्यांसमोर होता हे सांगायला नको. सवलतीमुळे मळा अखंड राहिला. मात्र सवलत देणाऱ्या सरकारकडे ती काढून घेण्याचाही अधिकार होता.

चित्रे आणि मायदेश

मळ्याचा व्यवहार चालू असताना चित्रकाराचा हात थांबला नव्हता. हिमालयाची शिखरे हा वडिलांचा विषय होता; मुलाने दक्षिणेतील शेते, कष्टकरी स्त्रिया, लाल माती आणि संध्याकाळचे जांभळे आकाश यांना आपल्या चित्रांत आणले. देविका राणी यांची त्यांनी अनेक व्यक्तिचित्रे काढली. समीक्षकांनी वडिलांना नेहमीच उजवे ठरविले. निकोलाय यांच्या कलाकृतींना भारत सरकारने १९७९ मध्ये राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला, त्यामुळे त्या देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. पुत्राच्या वाट्याला १९६१ चा पद्मभूषण आला. देविका राणी यांना पद्मश्री त्याआधीच, १९५८ मध्ये मिळाली होती. माणसे रंगविण्यात मात्र मुलगा वडिलांच्या पुढे होता, असे संसदेतील चित्रे पाहून म्हणावेसे वाटते.

बंगळुरूच्या कर्नाटक चित्रकला परिषदेशी त्यांचे घनिष्ठ नाते होते. परिषदेच्या कुमारकृपा मार्गावरील वास्तूत पितापुत्रांच्या चित्रांचे स्वतंत्र दालन आहे.

रशियाशी तुटलेला धागा १९६० मध्ये पुन्हा जुळला. मॉस्को आणि लेनिनग्राड येथे त्यांच्या चित्रांची प्रदर्शने झाली. बारा वर्षांचा असताना गाव सोडलेला मुलगा छपन्नाव्या वर्षी चित्रे घेऊन परतला होता. सोव्हिएत कला अकादमीने १९७८ मध्ये त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. १९८७ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्याशी त्यांची भेट झाली आणि त्यातून मॉस्कोत रोरिक कुटुंबाचे केंद्र उभे करण्याची कल्पना पुढे आली. १९९० मध्ये कुटुंबाचा मोठा संग्रह बंगळुरूहून मॉस्कोला गेला. हे केंद्र पुढे दीर्घ वादात सापडले आणि २०१७ मध्ये त्याला आपली वास्तू सोडावी लागली. म्हणजे न्यूयॉर्क, मॉस्को आणि बंगळुरू, या तिन्ही ठिकाणी रोरिकांचा ठेवा कोर्टकचेरीतूनच गेला.

मळ्याचा खटला

दांपत्याला मूलबाळ नव्हते. वय वाढले, प्रकृती खालावली आणि अखेरच्या काळात दोघे मळा सोडून शहरातील हॉटेलात राहू लागले. कारभार इतरांच्या हाती गेला. १९९१ आणि १९९२ मध्ये मळ्याच्या मोठ्या भागाची खरेदीखते झाल्याचा दावा एका खाजगी कंपनीच्या वतीने करण्यात आला. शहर कनकपुरा रस्त्याने पुढे सरकू लागले होते. लिनालोच्या तेलापेक्षा जमिनीचे मोल कित्येक पटींनी वाढत होते. चित्रे, दागिने आणि अन्य चीजवस्तू यांचे काय झाले, याविषयीही तक्रारी झाल्या आणि राज्य शासनाने चौकशी सुरू केली.

३० जानेवारी १९९३ रोजी स्वेतोस्लाव यांचे निधन झाले. तातगुणीच्या मळ्यातच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. ८ मार्च १९९४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून लिनालोच्या जमिनीची सवलत मागे घेतली. दुसऱ्याच दिवशी, ९ मार्चला, देविका राणी निवर्तल्या.

सवलत गेल्याने धारणेची मर्यादा लागू झाली. पण प्रश्न केवळ जादा जमिनीचा नव्हता; मळा तुकड्यांत विकला जाऊ नये आणि कलासंग्रह विखुरला जाऊ नये, हाही होता. म्हणून कर्नाटक विधिमंडळाने १९९६ मध्ये या एकाच मालमत्तेसाठी स्वतंत्र कायदा केला. जमीन, इमारती, चित्रे आणि कलावस्तू असे सर्व काही संपादित करून एका मंडळाकडे सोपवावे आणि तेथे कला-संस्कृतीचे केंद्र उभारावे, अशी त्यात तरतूद होती. मोबदला म्हणून पाच कोटी रुपये ठरविण्यात आले.

खरेदीदार कंपनीने या कायद्याला आव्हान दिले. ‘के. टी. प्लांटेशन विरुद्ध कर्नाटक राज्य’ या नावाने हा खटला विधिवर्तुळात प्रसिद्ध आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला. संपादनाचा कायदा आणि सवलत मागे घेणारी अधिसूचना, दोन्ही वैध ठरल्या.

निकालाचे महत्त्व तातगुणीपुरते मर्यादित नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला आणि कलम ३०० अ मध्ये तो केवळ घटनात्मक हक्क म्हणून उरला. कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढेच ते कलम सांगते; मोबदल्याचा त्यात शब्दही नाही. मग सरकार एक पैसा न देता जमीन घेऊ शकते काय? न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक हित ही संपादनाची पूर्वअट आहेच, आणि मोबदला मागण्याचा हक्क त्या कलमात अनुस्यूत आहे. मोबदला नाकारायचा किंवा नाममात्र द्यायचा असेल तर त्याचे समर्थन सरकारला न्यायालयापुढे करावे लागेल. धरण, महामार्ग किंवा औद्योगिक वसाहतीसाठी ज्यांच्या जमिनी जातात, अशा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या दाव्यांतही वकील हा निकाल पुढे करू शकतात. मूळ वाद मात्र एका चित्रकाराच्या अत्तराच्या झाडांखालच्या जमिनीचा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

निकालानंतर राज्य शासनाने मळ्याचा ताबा घेतला. संग्रहालयाच्या योजना त्यानंतर अनेकदा जाहीर झाल्या आणि अनेकदा लांबणीवर पडल्या. बन्नेरघट्टाचे जंगल जवळच असल्याने हत्ती मळ्यात येतात. लिनालोची जुनी झाडे तेथे आहेत आणि त्यांच्या सोबतीला या दांपत्याच्या समाध्याही. नग्गर येथील घर व चित्रदालन मात्र स्वेतोस्लाव यांनी निधनाच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, न्यासाच्या स्वाधीन केले होते. ते प्रेक्षकांसाठी खुले आहे.